अमेरिका दाखवणारे काका

अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी वस्तीत एक काका असतात. ते नक्की कोणाचे काका, हे शोधायला निघालात तर वाट कोणाच्या तरी चुलत मावशीच्या जावेपाशी जाऊन संपते. पण भारतातून कोणाचेही आईवडील, सासूसासरे, आतेबहीण किंवा शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर आले, की त्यांना अमेरिका दाखवायचं काम आपोआप यांच्याकडे येतं. आपोआप म्हणजे, ते मागून घेतात.

विमानतळावर हे काका प्रवास कसा झाला असं विचारत नाहीत. ते आधी पाहुण्यांच्या पायांकडे बघतात. "हे बूट? यात चालणार तुम्ही? उद्या मॅनहॅटन आहे!" पाहुण्यांचे डोळे मिटत असतात, पोट अजून मुंबईच्या घड्याळावर असतं, बॅगेतली लोणच्याची बरणी फुटली की काय ही धास्ती असते, आणि काका टर्नपाइकवरून गाडी हाकत पुढच्या दोन आठवड्यांचा बेत सांगत असतात. बेत नुसता तोंडी नसतो. मागच्या सीटवर त्याचा कागद ठेवलेला असतो. लॅमिनेट केलेला, कारण आधीच्या पाहुण्यांनी त्यावर चहा सांडला होता.

मी सांगतोय ते काका न्यू जर्सीतल्या एडिसनचे. सत्तरीकडे झुकलेले, डोक्याला टोपी, कमरेला पाउच. पाउचमध्ये टूथपिक, बडीशेप, घडी घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांची पुरचुंडी. पार्किंगचे पैसे आता फोनवरून भरता येतात, पण काकांचा नाण्यांवरचा विश्वास उडालेला नाही. खांद्याच्या पिशवीत काकूंनी दिलेल्या दशम्या आणि तिळाची चटणी. शहरातल्या उत्तमोत्तम खाण्याच्या जागा दाखवायला निघालेला हा माणूस घरचा डबा घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.

काकांचा पहिला सिद्धान्त असा, की टूरिस्टांसारखं बघायचं नाही. हे वाक्य ते स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याकडे बोट दाखवत म्हणतात. पुतळ्यापर्यंत जाणाऱ्या तिकिटाच्या बोटीची रांग दुरून दिसली, की त्यांच्या चेहऱ्यावर करुणा दाटून येते. "हे बघा, हे टूरिस्ट. तास तास उभे राहणार, वर पैसे मोजणार. आपण स्टॅटन आयलंडच्या फेरीने जायचं. फुकट!" ही फेरी खरोखरच फुकट आहे आणि पुतळ्याच्या समोरूनच जाते. जाताना उजव्या बाजूला उभं राहावं लागतं, म्हणून काका धक्क्यावरच सगळ्यांना उजव्या रांगेत लावतात. पलीकडच्या काठाला बोट लागली की सगळ्यांना उतरावंच लागतं. तिथे आजवर एकाही पाहुण्याने काही पाहिलेलं नाही. उतरा, वळा, पळा, चढा, एवढाच त्या बेटाचा परिचय. "पण इथे काय आहे?" असं एका आत्यांनी विचारलं, तर काका म्हणाले, "परतीची बोट."

पुतळा १८८६ साली उभा राहिला, फ्रान्सने भेट दिला, चौथऱ्यासकट उंची ३०५ फूट, हे सगळं काका एका दमात सांगतात. आणि मग खालच्या आवाजात जोडतात, "म्हणजे पुतळासुद्धा यांना फुकटच मिळाला."

दुसरा सिद्धान्त पैशांचा. जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या साठाव्या रस्त्याखाली दिवसा गाडी घातली की नऊ डॉलर पडू लागले. काकांना तो व्यक्तिगत अपमान वाटला. तेव्हापासून मोहीम मेट्रोपार्क स्टेशनवरून आगगाडीने निघते. पण स्वतः एवढे हिशेबी असूनही पाहुण्यांना ते हिशेब करू देत नाहीत. हॉटेलातलं मेनूकार्ड उघडलं आणि पाहुण्यांचे ओठ हलायला लागले, की काका ओरडतात, "गुणाकार बंद! ज्याने रुपये केले तो उपाशी राहिला." पाहुणे मान डोलावतात आणि मनातल्या मनात गुणून फक्त सूप मागवतात. बिल आलं की काका चष्मा कपाळावर चढवतात. टिप अठरा टक्के द्यायची की वीस, हा प्रश्न त्यांनी कधीच सोडवला आहे. त्यांचा मुद्दा वेगळा आहे. "टिप मूळ रकमेवर. टॅक्सवर नाही. सरकारला वाढलं का त्या पोराने?"

खरे काका पाहावेत ते ग्रँड सेंट्रल स्टेशनात. १९१३ साली उघडलेलं हे स्टेशन. तिथल्या भव्य छतावर आकाश रंगवलंय आणि त्यातली नक्षत्रं उलटी आहेत. हे उलटेपण काकांना फार आवडतं. "एवढा खर्च केला आणि आकाश उलटं काढलं!" असं ते इतक्या समाधानाने सांगतात, की चूक झाली नसती तर त्यांची सहल अपुरी राहिली असती. पण त्यांचं हुकमी पान खाली, ऑयस्टर बारच्या दारासमोर आहे. तिथल्या टाइल्सच्या कमानीची गंमत अशी, की एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं की तिरक्या कोपऱ्यातल्या माणसाला स्पष्ट ऐकू येतं. मधून माणसांचा लोंढा वाहतो, त्याला पत्ता नसतो. काका प्रत्येक जोडप्याला इथे उभं करतात. आजोबा एका कोपऱ्यात, आजी तिरक्या समोरच्या. "बोला आता, मनातलं बोला!" एकदा सांगलीचे एक आजोबा बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. चाळीसएक वर्षांच्या संसारात मनातलं बोलायची अशी जाहीर सोय त्यांना कोणी करून दिली नव्हती. शेवटी घसा खाकरून ते कमानीला म्हणाले, "गॅस बंद केला होतास ना?"

पलीकडून आजींचा आवाज कमानीवरून घरंगळत आला. "तीनदा सांगितलंय. आणि नळही."

"बघा!" काका टाळी वाजवून म्हणाले. "कसं स्पष्ट येतं!"

टाइम्स स्क्वेअरला काकांच्या कागदावर अगदी थोडी मिनिटं आहेत. दिवे बघायचे, खिसा सांभाळायचा, मिकी माउसच्या वेषातल्या माणसाबरोबर फोटो काढायचा नाही, तो नंतर पैसे मागतो. तिथून थेट जेवण, म्हणजे कॅट्झ डेलीकॅटेसन, स्थापना १८८८. ते आहे हाउस्टन स्ट्रीटवर. कोणी 'ह्यूस्टन' म्हटलं की काका जागीच थांबतात. "ह्यूस्टन टेक्ससमध्ये. हे हाउस्टन." रस्ता ओलांडणं राहिलं तरी चालेल, पण उच्चार झाला पाहिजे.

इथे दारात प्रत्येकाच्या हातात एक तिकीट देतात. काउंटरवर जे घ्याल ते त्यावर लिहितात, आणि जाताना ते दाखवून पैसे भरायचे. काही खाल्लं नाही तरी कोरं तिकीट परत द्यावं लागतं. हरवलं तर दंड. काका दारातच सगळ्यांची तिकिटं गोळा करतात, शर्टाच्या खिशात ठेवतात आणि पुढचा सगळा वेळ छातीवर हात धरून वावरतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, यांना काहीतरी होतंय. एकदा तर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

कॅट्झची ख्याती पास्ट्रामीची. खारवून, धुरी देऊन, वाफवलेलं गोमांस काउंटरमागचा माणूस हाताने कापतो आणि सँडविच बांधायच्या आधी एक तुकडा बशीत ठेवून चाखायला देतो. काका स्वतः ते खातात. मात्र पाहुण्यांत त्यांच्या आईच्या ओळखीचं कोणी असेल, तर नुसतं "कसं कापतात ते बघतात". शाकाहाऱ्यांसाठी त्यांच्याकडे निश आहे. निश म्हणजे पिठाच्या पातळ आवरणात गच्च भरलेला बटाटा, आपल्या बटाटेवड्याचा पोलंडकडून आलेला चुलतभाऊ, फक्त मिरची न लावता वाढलेला. सोबत बशीभर काकडीची लोणची. इथे आज्यांचे चेहरे पहिल्यांदा उजळतात. दशम्या, तिळाची चटणी, निश आणि काकडी असं जेवण सजतं, आणि एकशेतीस वर्षांहून जुन्या ज्यू उपाहारगृहात सांगलीचं एक कुटुंब पंगतीला बसल्यासारखं जेवतं.

एका टेबलावर छतापासून पाटी टांगलेली आहे. 'व्हेन हॅरी मेट सॅली' या १९८९ च्या सिनेमातला प्रसिद्ध प्रसंग तिथे चित्रित झाला. काका पाटी दाखवतात. "इथे सिनेमाचं शूटिंग झालं होतं."

"कुठल्या प्रसंगाचं?" आजोबा उत्सुकतेने विचारतात.

"जेवणाच्या," काका म्हणतात आणि घाईने लोणच्याची बशी पुढे सरकवतात.

संध्याकाळ मॅक्सोर्लीजची. हा ईस्ट व्हिलेजमधला जुना एल बिअरचा अड्डा स्वतःचं जन्मसाल १८५४ सांगतो. जमिनीवर लाकडाचा भुसा, भिंतीवर इंचभर जागा न सोडता लावलेल्या तसबिरी, आणि प्यायला दोनच प्रकार, फिका आणि गडद. एक मागितला की दोन मग येतात. काका हे आधी सांगत नाहीत. आजोबा घाबरून म्हणाले, "अहो, मी घेत नाही आणि तुम्ही दोन दोन काय मागवता!" काका म्हणाले, "प्यायचं म्हणून नका बघू आबा, इतिहास म्हणून बघा." आबांनी इतिहासाचा एक घोट घेतला. मग फिका आणि गडद यांत फरक काय ते कळावं म्हणून दुसरा घेतला. मग तुलना पक्की करायला सगळाच इतिहास संपवला. १९७० पर्यंत इथे बायकांना प्रवेश नव्हता, हे काका सांगत होते तेव्हा काकूंनी भुसा, तसबिरी आणि दिव्यांवरची धूळ यांच्यावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "ते सांगायला नको. दिसतंय."

काकांची अमेरिका न्यूयॉर्कला संपत नाही. एक मुलगी शिकागोला, मुलगा कॅलिफोर्नियात, आणि दर दोन वर्षांनी बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन नव्या शहरात. त्यामुळे प्रत्येक शहराचा एक कागद तयार आहे.

फिलाडेल्फियाला चीजस्टेक या गोमांसाच्या सँडविचची दोन दुकानं चौकात समोरासमोर उभी आहेत, पॅट्स आणि जीनोज, आणि मागणी करायची तीही ठरलेल्या थाटात. चीज कुठलं ते सांगायचं आणि पुढे कांदा हवा तर 'विट', नको तर 'विटाउट'. काका हायवेवर सगळ्या गाडीकडून याची तालीम करून घेतात. "व्हिज विट! परत म्हणा!" मागच्या सीटवरून समूहस्वर उठतो. गाडीतलं एकही माणूस ते खाणार नसतं. शेवटी सगळे चीज घातलेले फ्राइज घेतात. पण तालीम सोडवत नाही. तिथून कला संग्रहालयाच्या बहात्तर पायऱ्या, 'रॉकी' सिनेमातल्या. "धावत चढा! वर जाऊन हात उंच करा!" काका खालून ओरडतात. ते स्वतः आजवर त्या पायऱ्या चढलेले नाहीत. गाडी जिथे लावायची नाही तिथे लावलेली असते, आणि तिच्यापाशी कोणीतरी थांबायला हवं असतं.

शिकागोत त्यांचा आवाज बदलतो. आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत आली की ते टोपी काढतात. ११ सप्टेंबर १८९३ ला स्वामी विवेकानंद इथेच बोलले. ते सभागृह आता राहिलेलं नाही, पण काका जागा बोटाने दाखवतात. आजोबांना एका जिन्यापाशी दाखवली, त्यांच्या व्याह्यांना पुढच्या वर्षी प्रवेशद्वाराच्या डाव्या हाताला. दोघांनीही मनोभावे नमस्कार केला. पलीकडच्या मिलेनियम पार्कमध्ये अनिश कपूरचं 'क्लाउड गेट' आहे, ज्याला सगळं शिकागो 'बीन' म्हणतं. त्या चकचकीत पोलादी घेवड्यात आपलं पोट केवढं दिसतं ते पाहून सगळे हसत असताना काका जाहीर करतात, "मुंबईत जन्मलाय हा! चोपन्न साली!" मग डीप डिश पिझ्झा. तो भाजायला पाऊण तास लागतो, आणि हा पाऊण तास काकांना पिझ्झ्यापेक्षा प्रिय आहे. नदीचा प्रवाह १९०० साली माणसांनी कसा उलटा फिरवला, हे सगळं सांगून व्हायला नेमका तेवढाच वेळ लागतो. श्रोते भुकेलेले असतात आणि उठून जाऊ शकत नाहीत.

सॅन फ्रान्सिस्कोला पाहुणे जुलैत येतात आणि उन्हाळा म्हणून सुती कपडे आणतात. काका डिकीतून जाकिटं काढून वाटतात. गोल्डन गेट पूल धुक्यात पूर्ण बुडालेला असतो. काका पांढऱ्या धुक्याकडे हात करून सांगतात, "हा पूल. १९३७ चा. मधला गाळा १२८० मीटर. रंग नारिंगी." पाहुणे धुक्याचे फोटो काढतात. नंतर अंगात ऊब यावी म्हणून बुएना व्हिस्टा कॅफेत आयरिश कॉफी, तिथे ती १९५२ पासून मिळते. एका मावशींना काकांनी एवढंच सांगितलं, की कॉफी आहे, वर साय आहे. मावशींनी पेला संपवला, ओठावरची साय पुसली आणि म्हणाल्या, "कफाला फार चांगली आहे हो. अजून अर्धी सांगता?" त्यात व्हिस्की असते हे त्यांना पुण्यात परतल्यावर कळलं. तेव्हा त्या म्हणाल्या, की त्यांना तेव्हाच कळलं होतं.

आणि न्यू ऑर्लिन्स! कॅफे दु मोंदला तळलेले बेन्ये पिठीसाखरेच्या ढिगाऱ्याखाली येतात. काकांची आज्ञा: काळे कपडे नकोत, आणि घास घेताना श्वास घ्यायचा नाही, बोलायचं तर अजिबातच नाही. मराठी कुटुंब पाच मिनिटं मुकाट्याने खातंय हे दृश्य अमेरिकेत फक्त इथे दिसतं. बर्बन स्ट्रीटवर प्लॅस्टिकच्या पेल्यात दारू घेऊन खुशाल रस्त्यावर हिंडता येतं. कोथरूडच्या घरात पडदे ओढून, टीव्हीचा आवाज वाढवून बसणारे एक मामा तिथे भर दुपारी पेला हातात धरून फूटपाथच्या मधोमध चालत होते. दर दहा पावलांवर मागे वळून पाहत होते. "कोणी नाही हो ओळखीचं," काका म्हणाले. मामा जरासे खट्टू झाले.

इतकं सगळं ऐकल्यावर वाटतं, की या माणसाने अमेरिका पालथी घातली असणार. एकदा भांडी आवरताना काकूंनी वेगळंच सांगितलं. "यांनी? पिस्कॅटवेचं ऑफिस, घर, शनिवारी गवत कापणं आणि थंडीत बर्फ उपसणं. इतकी वर्षं दुसरं काही पाहिलं नाही. पहिल्यांदा मामंजी आले तेव्हा यांना पुतळ्याची बोट कुठून सुटते तेही ठाऊक नव्हतं. चुकीच्या धक्क्यावर दोन तास काढले. मामंजी रागावले नाहीत हो. नुसतं विचारलं, 'तू इथेच राहतोस ना रे?'"

त्यानंतर काकांनी पहिला कागद केला.

मग लक्षात येतं, की काका एकटे कधीच कुठे जात नाहीत. कमानीखाली ते स्वतः कधी कुजबुजलेले नाहीत, आणि कॅट्झला काकूंना घेऊन दोघंच गेले असंही झालेलं नाही. शहर त्यांना परवानगीशिवाय पाहता येत नाही आणि ती परवानगी पाहुण्याच्या पासपोर्टात येते. दाखवायला कोणी असलं, की ते त्या शहराचे मालक असतात. नसलं, की एडिसनच्या पुढे त्यांचं काही काम नसतं. म्हणून पाहुण्याला पुतळा आवडला की काका स्वतः कौतुक झाल्यासारखे लाजतात, आणि कोणी "ठीक आहे, पण आपलं गेटवे" म्हणालं, की त्यांना जेवण जात नाही.

ज्या उन्हाळ्यात कोणाचा व्हिसा झाला नाही, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, त्या उन्हाळ्यात काकांची अवस्था बघवत नाही. मंडळाच्या पॉटलकला ते हातात ताट घेऊन टेबलाटेबलाने फिरतात. "तुमचे सासरे येणार होते ना? गुडघे कसे आहेत त्यांचे? पायऱ्या चढतात? मग शनिवारी मला द्या." मराठी पाहुणे पुरेनात, तेव्हा त्यांनी समोरच्या गुजराती शेजाऱ्यांकडून आईवडील उसने घेतले. मोडक्या हिंदीत फेरी झाली, कमान झाली. कॅट्झला पोचल्यावर कळलं, की मंडळी जैन. बटाटा बाद. निशच बाद म्हटल्यावर काका छातीवरचा हात सोडून एकटक मेनूकडे बघत राहिले. शेवटी म्हाताऱ्या जोडप्याने काकडीचं लोणचं आणि स्वतःच्या डब्यातला खाखरा खाल्ला आणि तोंडभरून आशीर्वाद दिले. घरी येऊन काकांनी रात्री जागून कागद नव्याने टाइप केला. त्यात आता 'खाणारे' आणि 'न खाणारे' यांच्यापुढे 'बटाटाही न खाणारे' असा तिसरा रकाना आहे. लॅमिनेशन झालेलं आहे.

परवा त्यांचा फोन आला. "येत्या शनिवारी मोकळे आहात का?"

मी म्हटलं, "आहोत की काका. कुठे जायचं?"

"तुम्ही नाही हो," ते म्हणाले. "तुम्ही इथेच राहता. तुमच्याकडे कोणी आलंय का?"